खंडाची थकबाकी आणि कुळाच्या मालाची जप्ती : आष्टी (परतूर) परिसराच्या अनुषंगाने एक विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी मुलखात ‘जप्ती’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे उभा राहतो तो सरकारी कारकून, चावडीवरची दवंडी आणि पंचनाम्याचा कागद. शेतसारा थकला, तगाई फिटली नाही, अथवा सावकाराने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा आणला, की जप्ती येते, असा हा परिचित क्रम आहे. तथापि जमीनमालकाने आपल्या कुळाचा खंड थकला म्हणून स्वतःच्या अधिकाराने कुळाचे धान्य, जनावरे वा भांडीकुंडी ताब्यात घ्यावी आणि ती विकून आपली बाकी वसूल करावी, असा हक्क आपल्याकडे होता काय? असल्यास तो कोणत्या कायद्याने होता? आणि नसल्यास मालकांची बाकी वसूल कशी होत असे? प्रस्तुत निबंधात या प्रश्नांचा विचार आष्टी या गावाच्या परिसराच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

आष्टी या नावाची गावे महाराष्ट्रात अनेक असल्यामुळे प्रथम स्थलनिश्चिती करणे अवश्य आहे. १८१८ साली पेशव्यांच्या सैन्याशी जेथे इंग्रजांची लढाई झाली ते आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय. १९४२ च्या चळवळीत गाजलेले आष्टी वर्धा जिल्ह्यातील. बीड जिल्ह्यातही एक तालुक्याचे आष्टी आहे. येथे अभिप्रेत असलेले आष्टी परतूर तालुक्यातील आहे. हा तालुका निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाड्याबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात आला आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आल्यावर त्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. म्हणजे या गावच्या कुळाला एका आयुष्यात तीन राज्यांचे कायदे पाहावे लागले. या कारणाने, कायद्याचा शब्द आणि खळ्यावरचा व्यवहार यांतील अंतर मोजण्यास हा परिसर सोयीचा आहे.

२. इंग्लंडातील भाडेजप्ती

मालकाच्या स्वयंजप्तीचा हक्क सर्वांत पूर्णपणे विकसित झाला तो इंग्लंडच्या कायद्यात. तेथे त्यास ‘डिस्ट्रेस’ अशी संज्ञा होती. सोयीसाठी आपण तिला ‘भाडेजप्ती’ म्हणू. भाडे थकले की न्यायालयाचा हुकूम न घेता मालकाने जागेत शिरावे आणि तेथे सापडतील त्या वस्तू अटकावून ठेवाव्या, असा हा प्राचीन रिवाज होता. परंतु मूळ रिवाजात या वस्तू केवळ तारण असत. बाकी मिळेपर्यंत त्या अडकवून ठेवता येत, विकता येत नसत. १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्याने बाकीच्या मानाने अवाजवी जप्ती करण्यास मनाई केली. विक्रीचा अधिकार मालकाला मिळाला तो १६८९ साली. जप्तीनंतर पाच दिवसांत भाडेकरूने बाकी भरली नाही अथवा दाद मागितली नाही, तर मालाची किंमत ठरवून तो विकावा, असे त्या कायद्याने ठरविले. १७३७ च्या कायद्याने, भाडेकरूने रातोरात माल हलविल्यास तीस दिवसांच्या आत त्याचा पाठलाग करून तो पकडण्याची मुभा दिली.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तारणाचे रूपांतर विक्रीत झाले तेव्हा या हक्काचे स्वरूपच पालटले. अडकवून ठेवलेली वस्तू कुळाला परत मिळण्याची आशा असते. विकलेली वस्तू गेली ती गेलीच. यापुढील दोनशे वर्षांचा इंग्रजी कायद्याचा इतिहास हा या पालटाचे परिणाम मर्यादित करण्याचा इतिहास आहे. पोटभाडेकरूचा मालही मूळ भाडेकरूच्या बाकीसाठी जप्त होत असे, त्यावर १८७१ व १९०८ मध्ये बंधने आली. १८८८ मध्ये प्रमाणित बेलिफावाचून जप्ती करण्यास बंदी झाली आणि अंगावरचे कपडे, अंथरूण व धंद्याची अवजारे यांना ठरावीक किमतीपर्यंत संरक्षण मिळाले. अखेर २००७ च्या कायद्याने हा हक्कच रद्द केला व तो ६ एप्रिल २०१४ पासून संपुष्टात आला. राहत्या घरांच्या बाबतीत त्याची जागा कशानेही घेतली नाही. व्यापारी जागांपुरती मात्र एक नियमबद्ध वसुलीची पद्धत ठेवण्यात आली.

हेन्री मेन यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन संस्थांविषयीच्या आपल्या ग्रंथात या इंग्रजी रिवाजाची तुलना भारतीय ‘धरण्या’शी केली आहे. ती तुलना आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ऋणवसुलीचे जे पाच उपाय गणले आहेत त्यांत ‘आचरित’ हा एक असून, ऋणकोच्या दाराशी ठाण मांडणे, त्याचे पशू वा कुटुंबीय अडकवून ठेवणे असा त्याचा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. इंग्लंडात राजसत्तेने मालकाच्या स्वयंजप्तीला कायद्याच्या चौकटीत बसविले. भारतात मात्र त्याच सत्तेने धरण्याला गुन्हा ठरविले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५०८ व्या कलमाखालील उदाहरण धरणे धरणाऱ्याचेच होते. एकाच मुळाच्या दोन रिवाजांपैकी एकास कायद्याचे कवच मिळावे व दुसऱ्यास शिक्षा व्हावी, ही विसंगती वसाहतीच्या कायद्याचा अभ्यास करताना विसरता येत नाही.

३. भारतातील तीन मार्ग

इंग्रजी अमलात कुळाच्या मालावरील जप्तीच्या हक्काने भारतात तीन निरनिराळे मार्ग घेतले.

पहिला मार्ग बंगालचा. कायमधाऱ्याबरोबरच १७९३ च्या सतराव्या विनियमाने जमीनदारांना कुळांची पिके व जंगम माल न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून अटकावण्याचा अधिकार देण्यात आला. १७९९ च्या सातव्या विनियमाने, म्हणजे बंगालमध्ये ‘हफ्तम’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या कायद्याने, तो अधिक कडक केला व थकबाकीदार कुळाच्या देहालाही हात घालण्याची सोय करून दिली. १८१२ च्या पाचव्या विनियमाने, म्हणजे ‘पंजम’ने, त्यास काहीसा आळा घातला. १८५९ च्या दहाव्या कायद्याने जप्ती त्या जमिनीच्या उत्पन्नापुरती मर्यादित केली. आणि १८८५ च्या बंगाल कूळ कायद्याने ती न्यायालयामार्फतच करण्याचे बंधन घातले. सरकारसारा वेळेवर मिळावा यासाठी जमीनदाराच्या हाती दिलेले शस्त्र काढून घेण्यास सरकारला जवळजवळ शतक लागले.

दुसरा मार्ग इलाखा शहरांचा. १८८२ च्या इलाखा शहर लघुवाद न्यायालय कायद्याच्या आठव्या प्रकरणाने कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांत घरमालकाला भाडेजप्तीचा मार्ग मोकळा केला. मात्र तो इंग्लंडातील मालकासारखा स्वतः जप्ती करू शकत नसे. शपथपत्रासह अर्ज, न्यायालयाचे वॉरंट आणि बेलिफ या पायऱ्या त्यास चढाव्या लागत. जप्ती सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वीच व्हावी. बारा महिन्यांपलीकडील बाकीसाठी होऊ नये. प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू, अंगावरचे आवश्यक कपडे आणि, इतर माल पुरेसा असल्यास, धंद्याची अवजारे घेऊ नयेत, असे नियम होते. पाच दिवसांनंतर दोन बेलिफांनी मालाची किंमत ठरवावी, या तरतुदीत १६८९ च्या इंग्रजी कायद्याचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या कोकणी वा घाटी गिरणीकामगाराची ट्रंक आणि तांब्यापितळेची भांडी या प्रकरणाच्या कक्षेत येत. आष्टीच्या शेतकऱ्याची येत नसत.

तिसरा मार्ग मुंबई इलाख्यातील रयतवारीचा. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल संहितेत सरकारच्या बाकीसाठी मागणीची नोटीस, भोगवट्याची जप्ती, जंगम मालाची अटकावणी व विक्री, स्थावराची विक्री आणि कैद असे उपाय क्रमाने सांगितले आहेत. मालकाला, म्हणजे संहितेच्या भाषेत ‘वरिष्ठ धारका’ला, स्वतः जप्ती करण्याचा सामान्य अधिकार दिलेला नाही. परंतु ८६ व ८७ या कलमांनी त्याला कलेक्टरकडे मदत मागण्याची सवलत दिली. कलेक्टरने सरसरी चौकशी करून हुकूम द्यावा आणि खंडाची बाकी महसुलाच्या बाकीसाठी असलेल्या मार्गांनी वसूल करून द्यावी, अशी ही व्यवस्था होती. थोडक्यात, बंगालमध्ये सरकारने आपला दंड जमीनदाराला कायमचा देऊन टाकला; मुंबईत तो उसना दिला.

हा भेद केवळ कागदी नव्हे. उसना दंड मागावयाचा म्हणजे अर्ज करावा लागे, खंडाचा करार दाखवावा लागे आणि कुळाला बोलण्याची एक तरी संधी मिळे. उलट कोकणातील खोतीत, जेथे खोत हा गावचा महसूलही भरी आणि कुळांकडून पिकाचा वाटाही घेई, तेथे अभावणी म्हणजे उभ्या पिकाचा अंदाज त्याच्याच हाती असल्याने अर्जाची गरज क्वचितच भासे. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे १९३३ पासून काही वर्षे चाललेला शेतकऱ्यांचा संप आणि १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती रद्द करण्याचे विधेयक यांचे मूळ या सत्तेच्या एकवटीत आहे.

४. निजामी राज्यातील स्थिती

मराठेशाहीत थकबाकीदाराच्या दाराशी मोहसल बसविण्याची चाल होती. मोहसल म्हणजे वसुलीसाठी पाठविलेला शिपाई. त्याच्या पोटाचा खर्च बाकीदाराने सोसावयाचा. मसाला नावाचा आकारही बाकीदारावरच पडे. बाकी फिटेपर्यंत रोज नवा खर्च चढत जाई, हीच या पद्धतीची ताकद होती. येथे माल जप्त होत नाही, पण घर हळूहळू रिकामे होते. निजामाच्या मराठी मुलखातही वसुलीची भाषा व साधने पुष्कळशी हीच होती.

१८५३ पूर्वी या मुलखातील महसूल बहुशः इजाऱ्याने दिला जाई आणि दरबारचे कर्ज फेडण्यासाठी तालुक्यांची वसुली सावकारांकडे लावून दिली जाई. अरब शिपायांनी व जमादारांनी स्वतःचे पैसे वसूल करण्यासाठी ऋणकोंना आपल्या घरी कैदेत ठेवणे हा हैदराबादच्या तत्कालीन राज्यकारभारातील एक प्रसिद्ध अनाचार होता. पहिल्या सालारजंगांनी आपल्या दिवाणगिरीच्या काळात (१८५३ ते १८८३) इजारे बंद केले, १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि पुढे मुंबईच्या धर्तीवर पाहणी व जमाबंदी सुरू केली. १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा, हैदराबाद जमीनमहसूल कायदा हा मुंबईच्या १८७९ च्या संहितेला जवळून अनुसरणारा आहे. म्हणून आष्टीसारख्या गावात, निदान दिवाणी मुलखात, तत्त्वतः तोच तिसरा मार्ग लागू झाला असे म्हणता येते : जप्तीचा दंड सरकारचा, मालकाचा नव्हे.

परंतु हैदराबाद राज्यातील सर्व गावे दिवाणी नव्हती. राज्याच्या क्षेत्रापैकी स्थूलमानाने साठ टक्के दिवाणी, तीस टक्के जहागिरी व पायगा, आणि दहा टक्के निजामाचे खासगी म्हणजे सर्फ-इ-खास, अशी विभागणी सांगितली जाते. जहागिरी गावात मालक आणि सरकार यांतील भिंतच कोसळलेली असे. जहागीरदाराचे कारकून वसुली करीत व त्यांची बाकी ही महसुलाचीच बाकी गणली जाई. मुंबईचा भूस्वामी ज्या मदतीसाठी अर्ज करी ती मदत जहागीरदाराच्या पदरी चाकरीस होती.

दिवाणी गावांत पट्टेदार हा सरकारचा सारा देणारा खातेदार. त्याच्याखाली शिकमी व आसामी शिकमी अशी कुळे. आसामी शिकमी म्हणजे पट्टेदाराच्या मर्जीवर जमीन कसणारा. त्याचे नाव पटवाऱ्याच्या दप्तरात येईलच असा नेम नसे. ज्याचे नाव दप्तरात नाही त्याच्या जप्तीची नोंदही दप्तरात असणार नाही, हे उघड आहे.

५. खळ्यावरची जप्ती

कायद्याने मालकाला जप्तीचा हक्क दिला नव्हता. त्याने तो मागितल्याचाही फारसा बोभाटा नाही. तेव्हा मराठवाड्यातील मालक सौम्य होते आणि कुळे सुखी होती, असा निष्कर्ष काढावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते तो सर्वस्वी चुकीचा ठरेल. हक्क मागितला गेला नाही याचे कारण त्याची गरज नव्हती, आणि गरज नसण्याचे कारण खळ्यात सापडते.

मराठवाड्यात जमीन कुळाला देण्याचे दोन प्रमुख प्रकार होते. एक बटाई, म्हणजे पिकाचा वाटा, बहुधा निम्मा. दुसरा ठोका, म्हणजे पीक येवो वा न येवो, ठरलेले धान्य वा रक्कम. बटाईत वाटणी खळ्यावर होते. कापणी झाली, मळणी झाली, रास पडली, म्हणजे मालक वा त्याचा माणूस मापाला उभा राहतो. मालकाचा वाटा प्रथम निघतो. त्यातच बियाण्याची उचल, खावटीचे धान्य आणि त्यावरील वाढीदिढी वळती होते. उरेल ते कुळाच्या घरी जाते. येथे जप्त करावयाचे असे काही शिल्लकच राहत नाही, कारण माल कुळाच्या ताब्यात जाण्यापूर्वीच तो मालकाच्या नजरेखाली असतो. इंग्लंडच्या भाडेजप्तीत मालक भाडेकरूच्या घरात शिरतो. बटाईत पीक कुळाच्या घरात शिरण्याआधीच थांबविले जाते. परिणाम एकच, पण पहिल्याची नोंद होते व दुसऱ्याची होत नाही.

उभे पीक अटकावून ठेवण्याची युक्ती सरकारलाही ठाऊक होती. इंग्रजी अमलाच्या आरंभी मुंबई इलाख्यात जामीन मिळेपर्यंत पीक हलवू न देण्याची पद्धत होती, आणि १८७९ च्या संहितेतही खबरदारीचे उपाय म्हणून तिचे अवशेष राहिले. खळ्यावर जे मालक करी ते या सरकारी रिवाजाचेच खासगी रूप होते असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ठोक्याचा प्रकार वेगळा. तेथे बाकी राहू शकते, कारण देणे पिकाशी बांधलेले नसते. परतूरवरून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाल्यावर या काळ्या जमिनीतील कापूस दूरच्या बाजाराशी जोडला गेला आणि रोख देण्याचे महत्त्व वाढले. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा रोख ठोका देणाऱ्या कुळाला तेवढीच रक्कम उभी करण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक कापूस वा ज्वारी विकावी लागली. अशा वर्षी बाकी राहणे अपरिहार्य होते. मग मालक काय करी? तो बाकी वहीत कर्ज म्हणून लिहून घेई. त्या क्षणी खंडाची थकबाकी नाहीशी होते आणि तिच्या जागी ऋण जन्मास येते. कूळ मालकाचा ऋणको बनतो. आता बैल, गाडी, म्हैस यांपैकी काही मालकाच्या गोठ्यात गेले तर ती जप्ती नव्हे. वहीत ती हिशेबापोटी झालेली विक्री असते आणि बहुधा तीवर कुळाचा अंगठाही असतो.

या रूपांतराचे कायद्याच्या दृष्टीने महत्त्व मोठे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूमनाम्याच्या बजावणीत आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याच्या बाबतीत शेतीची अवजारे व उपजीविकेस आवश्यक तेवढी जनावरे आणि बियाणे यांना जप्तीतून वगळले होते. स्त्रियांचे धर्माचाराने अंगावेगळे करता न येणारे अलंकारही १९०८ च्या संहितेने वगळले. ही यादी म्हणजे माणसाजवळ किमान काय राहिले पाहिजे याविषयी त्या काळच्या राज्यसंस्थेने केलेले विधानच होय. परंतु ही ढाल न्यायालयाच्या दारातच कामास येते. वहीतल्या विक्रीपुढे तिचा काही उपयोग नाही. कायद्याने ज्या बैलाला हात लावू नये असे सांगितले तोच बैल खासगी हिशेबात सर्वांत आधी जाई, कारण कुळाजवळ विकण्याजोगे दुसरे काही नसे. आणि बैल गेला की पुढच्या वर्षी कूळ सालदार होई.

६. १९५० चा कायदा आणि जप्तीचे नवे रूप

हैदराबाद संस्थानात कुळांच्या संरक्षणाचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १३५४ फसलीचा, म्हणजे १९४४-४५ चा, आसामी शिकमी कायदा. त्याचा अंमल होतो न होतो तोच राज्यच संकटात सापडले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी नष्ट करणारा विनियम आला आणि १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला. या कायद्याने १३४२ ते १३५२ फसली या काळात सलग सहा वर्षे, अथवा कायद्यात सांगितलेल्या अन्य सहा वर्षांच्या मुदतीत जमीन कसणाऱ्यास ‘संरक्षित कूळ’ मानले. खंडावर मर्यादा घातली. १९५४ च्या दुरुस्तीनंतर ती जमीनमहसुलाच्या पटीत ठरविण्यात आली. खंड थकल्यास मालकाला कूळवहिवाट संपविता येई, परंतु २८ व्या कलमान्वये तहसीलदाराने कुळास बाकी व खर्च भरण्यासाठी नव्वद दिवसांची संधी द्यावयाची, आणि त्या मुदतीत भरणा झाल्यास कूळ जमिनीवर कायम राही.

आता या तरतुदीचा अर्थ आपल्या विषयाच्या संदर्भात पाहू. खंड न देण्याची शिक्षा पूर्वी धान्यावर, जनावरांवर पडत असे; आता ती जमिनीच्या कब्जावर येऊन पडली. कुळाला प्रथमच जमिनीत असा हक्क मिळाला की जो हिरावून घेण्याजोगा होता. पूर्वी आसामी शिकमीजवळ बैल हीच सर्वांत मोलाची वस्तू. १९५० नंतर सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याचे संरक्षित कूळपण. मालकांचे लक्ष त्या वस्तूकडे वळणे स्वाभाविक होते.

ते किती वळले याचा पुरावा अ. म. खुस्रो यांच्या १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळतो. जहागीरदारी निर्मूलनाचे व जमीनसुधारणांचे हैदराबादेतील परिणाम हा त्यांचा विषय होता. १९५१ मध्ये निर्माण झालेल्या दर शंभर संरक्षित कुळांपैकी १९५४-५५ पर्यंत सुमारे ४५ च कूळ म्हणून टिकून होती, असे त्यांच्या पाहणीत आढळले. सुमारे १२ जणांनी जमीन विकत घेतली. कायदेशीर मार्गाने निष्कासित झालेले सुमारे अडीच. बेकायदा काढून लावलेले सुमारे २२. आणि ‘स्वेच्छेने’ जमीन सोडून दिलेले सुमारे साडेसतरा.

हे आकडे संपूर्ण संस्थानाच्या पाहणीचे आहेत, एका गावाचे नव्हेत. तरीही त्यांतून निघणारा पद्धतिशास्त्रीय बोध या निबंधाचा मध्यवर्ती मुद्दा आहे. ज्या कुळांनी जमीन गमावली त्या सुमारे ४२ जणांपैकी कायद्याच्या मार्गाने गमावणारे अडीच. उरलेले सुमारे चाळीस जण कायद्याच्या बाहेर, अथवा कायद्याला न दिसेल अशा रीतीने बाहेर पडले. तहसील कचेरीतील निष्कासनाच्या मिसली चाळून कोणी अभ्यासकाने या काळाचा इतिहास लिहिला, तर त्याला सोळा घटनांमागे एक सापडेल. आणि राजीनाम्याच्या कागदावर ‘स्वखुशीने’ हा शब्द वाचून त्याने तो जसाच्या तसा स्वीकारला, तर इतिहासाच्या नावाखाली मालकाची कैफियत तेवढी त्याच्या हातून लिहिली जाईल.

खंडाच्या बाकीचा या ‘स्वेच्छे’शी काय संबंध होता, हे नीट समजून घेतले पाहिजे. कायद्याने पावती देणे मालकावर बंधनकारक केले तरी पावती मागण्याचे धैर्य आणि ती वाचण्याची विद्या कुळाजवळ असावी लागते. पावती नसेल तर दिलेला खंडही न दिलेला ठरविता येतो. अशा बाकीचा तगादा लावून मग ती माफ करण्याच्या बदल्यात राजीनामा लिहून घेणे मालकाला सोपे जाते. खळ्यावर जसे धान्य, वहीत जसा बैल, तसेच आता राजीनाम्यात कूळपण जाते. तिन्ही ठिकाणी जप्तीच घडते. नाव मात्र अनुक्रमे वाटणी, विक्री आणि स्वखुशी असे असते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष मांडता येतात. पहिला असा की, मालकाला स्वतःच्या हाताने कुळाचा माल जप्त करून विकण्याचा कायदेशीर हक्क बंगालमध्ये होता, मुंबई शहरात बेलिफामार्फत होता, परंतु रयतवारी मुलखात, आणि म्हणून आष्टीच्या दिवाणी परिसरातही, तो सामान्यतः नव्हता. दुसरा असा की, या हक्काचा अभाव हा कुळाच्या सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही. जेथे पिकाची वाटणी मालकाच्या नजरेसमोर होते आणि बाकीचे रूपांतर कर्जात होते, तेथे जप्तीचा कायदा अनावश्यक ठरतो. तिसरा असा की, कायदा ज्या वस्तूंना जप्तीतून वगळतो त्या वस्तूंची यादी आणि प्रत्यक्षात कुळाच्या घरातून गेलेल्या वस्तूंची यादी या दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावाचून ग्रामीण समाजाचा इतिहास पुरा होत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दिशेने काम करावयाचे ठरविल्यास साधनांची वाण नाही. संरक्षित कुळांची नोंदपुस्तके, १९५४-५५ च्या सुमाराची खासरा पाहणी पत्रके, नंतरचे सात-बारा उतारे आणि फेरफार यांची गावोगाव तुलना करावी. एका पत्रकात कूळ म्हणून असलेले नाव पुढील पत्रकात कोठे गेले, मालक झाले की नाहीसे झाले, हे गटवार पाहावे. जेथे नाव नाहीसे झाले तेथे मिसल आहे काय, हे शोधावे. मिसल नसेल तर तीच महत्त्वाची नोंद समजावी. सावकारांच्या आणि मोठ्या पट्टेदारांच्या घरांत जुन्या वह्या अद्याप असतात. त्यांत कोणत्या महिन्यात जनावर ‘जमा’ झाले व त्या महिन्यात कोणाची बाकी फिरली, हे ताडून पाहता येते. ज्यांनी खळ्यावरची वाटणी प्रत्यक्ष पाहिली ती पिढी झपाट्याने मावळत आहे. १९४५ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या पुढे गेला आहे. त्याच्या स्मृतीत कोणत्या सालच्या दुष्काळाने बैल गेला हे बहुधा असते, आणि कोणत्या कलमाखाली गेला हे कधीच नसते.

महाराष्ट्र जमीनमहसूल संहिता १९६६ साली झाली व १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्यामुळे मराठवाड्यात १३१७ फसलीच्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आणि आष्टी, पुणे व नागपूर या तिन्ही ठिकाणची सरकारी जप्ती एकाच कायद्याखाली आली. सरकारी जप्तीचा इतिहास येथून सलग लिहिता येईल. खासगी जप्तीचा इतिहास मात्र गावागावात विखुरलेला आहे. तो गोळा केला नाही तर या मुलखातील कुळाने काय गमावले याचा हिशेब केवळ मालकाच्या वहीवरून मांडला जाईल. आणि एका बाजूच्या वहीवरून मांडलेला हिशेब कोणत्याही न्यायालयाने पुरा मानलेला नाही, इतिहासानेही तो मानू नये.